पवनेच्या पाण्यावर मारलेली हाक

पवनेच्या धरणावर लोक तंबूत झोपायला जातात, शेकोटीभोवती नाचतात आणि सूर्यास्ताचे फोटो काढून परततात. आम्ही गेलो ते शीड आणि डोलकाठी घेऊन, भर पौषात, शनिवार-रविवारची गर्दी टाळून आणि दोघांचीही साठी कधीच उलटून गेल्यावर. जाऊन आल्यापासून जो तो विचारतो, कसं होतं? मी म्हणते, भात छान होता. पण तेवढंच सांगून पोटातलं पोटात राहतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही म्हणजे मी आणि हे. हे म्हणजे माझे यजमान. ह्यांची सगळी नोकरी आयटीआयमध्ये पोरांना फिटरचं काम शिकवण्यात गेली आणि माझी तालुक्याच्या कचेरीत. निवृत्त झाल्यावर आम्ही कोकणात एका खाडीच्या तोंडाशी घर घेतलं. तिथं आमच्यासारखीच आठ-दहा बिऱ्हाडं आहेत. प्रत्येकाची एकेक छोटी शिडाची होडी, सकाळी धक्क्यावर चहा, वारा बघायचा आणि निघायचं. आमच्या होडीचं नाव टिटवी. या मंडळींत नियम एकच: पाण्यावरून हाक आली की लगेच ओ द्यायची. कालच कडाक्याचं भांडण झालेलं असलं तरी द्यायची. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून "अहो!" म्हणून ओरडले की पाण्यावरून "आलो गं!" येतं, आणि मी भात उतरवते. चाळीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारलेली नाही.

गेल्या वर्षी ह्यांचा डावा कान गेला. एक कान शाबूत, म्हणून आम्ही फारसं मनावर घेतलं नाही. मग लक्षात आलं की ह्यांना आवाज ऐकू येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. मी न्हाणीघरातून हाक मारावी आणि ह्यांनी अंगणात जाऊन उभं राहावं. आम्ही हसायचो. दिवाळीनंतर एका धुक्याच्या सकाळी मात्र हे टिटवी घेऊन खाडीतून आत यायच्या ऐवजी बाहेर समुद्राकडे चालते झाले. धक्क्यावरून आम्ही दहा जण घसा फोडत होतो, आणि हे आमच्यापासून लांब लांब जात होते. शेवटी मासेमारीच्या एका बोटीनं ओढून आणलं.

पुण्याहून मुलगा आला आणि म्हणाला, बाबा, होडी विका. हे दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग मुलानंच तोड काढली. समुद्र नको, पवनेवर चला. तिथं ना भरती ना ओहोटी. बाबांनी एकट्यानं पलीकडे जाऊन परत यायचं. जमलं तर होडी ठेवायची, नाही तर विकायची. ह्यांनी ते लगेच कबूल केलं. मीही मान हलवली, पण मनातून मला ती विकायलाच हवी होती. हे खरं तेच सांगते.

सोमवार

लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांपुढून टिटवी ट्रेलरवर बसून निघाली तेव्हा लोक वरात बघावी तसे बघत होते. दुधिवरे खिंडीच्या वळणावर ट्रेलरचं चाक कडेच्या चरात गेलं. दुधाचा एक टेम्पो थांबला. त्याचा चालक खाली उतरून होडीभोवती फिरला आणि म्हणाला, "काका, समुद्र तिकडं राहिला, तुमी उलटं आलाय." मग खांदा लावून त्यानंच चाक वर काढलं.

खिंड ओलांडली आणि पाणी दिसलं. तुंग आणि तिकोना, दोन्ही किल्ले आपापल्या जागी उभे, आणि मध्ये ते निळं, न हलणारं पाणी. मला पहिल्यांदा काय खटकलं तर वास. आमच्याकडे पाणी दिसायच्या आधी त्याचा वास येतो. इथं एवढं पाणी समोर पसरलेलं आणि वास म्हणून काही नाही.

आमची सोय सुभद्रामावशींकडे होती. सत्तरीच्या, काटक, कपाळावर ठसठशीत गोंदण. मुलगा-सून तळेगावला नोकरीला, आणि ह्या काठावर चार तंबू, दोन म्हशी आणि इंद्रायणी तांदळाचं खाचर सांभाळून एकट्या राहतात. संध्याकाळी टिटवी पाण्यात उतरवली. ती नेहमीपेक्षा जरा खाली बसली.

"गोडं पाणी आहे," हे म्हणाले. "खाऱ्या पाण्यासारखं उचलून धरत नाही. घरी गेलो की येईल वर."

काठाजवळच एक फेरी मारायला हे गेले. चहा झाल्यावर मी सवयीनं हाक मारली, "अहो!"

"ओ!" उत्तर आलं. मी कप भरले. मग हे आले ते उजवीकडून, वेताच्या झुडपांमागून. उत्तर तर मला समोरून, पाण्याच्या मधून आल्यासारखं वाटलं होतं. डोंगरांत आवाज फिरतो, म्हणून मी सोडून दिलं.

मंगळवार

दुपारचा वारा छान होता. आम्ही दोघं तुंगच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो. समुद्रावर पाणी तुमच्याशी सतत काहीतरी करत असतं, ढकलतं, ओढतं, तोंडावर उडतं. इथं होडी पुढे जाते आणि पाणी नुसतं बाजूला होतं. एका ठिकाणी वाळलेल्या झाडांची टोकं वर आली होती. ह्यांनी तिथून होडी लांब घेतली. खाली भिंती असतील, म्हणाले. तळ फाटायचा.

जेवायला मावशींनी तांदळाची भाकरी आणि धरणातल्या माशाचं कालवण केलं होतं. मला गोड्या पाण्यातला मासा मातकट लागतो, पण त्या बाईच्या हाताला चव होती. जेवताना मी विचारलं, "मावशी, ती झाडं कसली?"

"ती आमची चिंच. देवळाम्होरची." त्यांनी भाकरी वाढत सांगितलं. "दोन वरसं नांदले मी खाली. मग धरन भरलं, आन आमी वर आलो."

खाली म्हणजे पाण्याखालचं जुनं गाव. मावशी ते असं म्हणत होत्या की जणू जिना उतरून जाता येईल.

ऊन कलल्यावर हे शीड धुवायला होडी घेऊन थोडे आत गेले. मी काठावर उभी राहून हाक मारली, "अहो! चहा!"

"आलो."

"आलो गं!"

दोन उत्तरं आली. पहिलं जवळून, हळू आवाजात. दुसरं ह्यांचं, लांबून, नेहमीच्या खणखणीत आवाजातलं. मी म्हटलं, प्रतिध्वनी. पण प्रतिध्वनी नंतर येतो. हा आधी आला होता.

गोठ्यातून मावशी हातातलं घमेलं तसंच घेऊन धावत आल्या. "ताई, कुनाला हाक मारली तुमी?"

"ह्यांना. दुसऱ्या कुणाला मारणार?"

"नाव घेऊन मारली का?"

मला हसू आलं. "अहो मावशी, आमच्या पिढीत कोण घेतं नाव? तुम्ही घेत होता?"

"घरात न्हाई घेतलं कदी. पन पान्यावर घ्यायाचं. हितं समद्या बाया घेत्यात. मालक मासं धरायला गेलं की काठावर हुबं ऱ्हायाचं, आन त्येचं नाव, बापाचं नाव, आसं तीन येळा. नुसतं अहो न्हाई म्हनायाचं."

"का?"

मावशींनी घमेलं खाली ठेवलं. पदरानं तोंड पुसलं आणि पाण्याकडे न बघता सांगितलं. गाव उठलं तेव्हा जिवंत माणसं, गुरं, भांडी सगळं वर आलं. मग गेलेल्यांना आणायचं होतं. प्रत्येक घरानं आपल्या आजा-पणज्याचं नाव घेतलं, चल वर म्हणून हाक मारली आणि एकेक धोंडा उचलून नव्या जागी आणून मांडला.

"ज्येचं नाव घेतलं त्यो आला. ज्यांची नावं घ्यायला कुनी न्हवतं, ती ऱ्हायली खाली. वाटसरू, लमाणी, कुनाची टाकलेली बाई. त्यांना कुनी हाकच मारली न्हाई, ताई. इतकी वरसं वाट बघत्यात. आता तुमी अहो म्हनता. त्यांना वाटतं आपल्यालाच."

मी कचेरीत तीस वर्षं काढलेली बाई. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. हे आल्यावर मी त्यांना रंगवून सांगितलं, तर हे म्हणाले, "मग घे की नाव. मलाही ऐकू दे एकदा." मी म्हटलं, इश्श. विषय तिथंच संपला. रात्री अंगावर तीन चादरी घेऊनही मला थंडी वाजत होती, ती पौषाचीच असणार.

बुधवार

हा परीक्षेचा दिवस. सकाळी सात वाजता आकाश स्वच्छ होतं, पलीकडच्या काठावरचं एकेक झाड मोजता येत होतं. वारा जेमतेम, पण पुरेसा. ह्यांनी तरंगतं जाकीट घातलं, शीड वर केलं आणि मला म्हणाले, "नऊपर्यंत आलोच. मुलाला फोन लावून ठेव."

मी काठावर दगडावर बसून बघत राहिले. टिटवी छोटी छोटी होत पलीकडे पोचली, वळली आणि परत निघाली. काय सुरेख वळवली होती! मला एकदम अभिमान वाटला आणि त्याच क्षणी हेही कळलं की होडी आता विकली जाणार नाही. चरफडत का होईना, मी ते मान्य केलं.

तेवढ्यात खिंडीकडून धुकं उतरलं. आमच्याकडे धुकं पाण्यातून हळूहळू वर येतं, तयारीला वेळ मिळतो. हे डोंगरावरून दूध उतू जावं तसं खाली आलं. तुंग गेला, मग पलीकडचा काठ, मग टिटवी, आणि शेवटी मला माझ्यासमोरचं दहा पावलांवरचं पाणीही दिसेना. वाराही पडला.

मी ह्यांना फोन लावला. ह्यांचा फोन माझ्याच पिशवीत वाजला. चार्जिंगवरून काढून मीच तो तिथं ठेवला होता.

मग मी काय केलं? जे चाळीस वर्षं केलं तेच. दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "अहो! अहोऽ!"

"आलो," डावीकडून.

"आलो," उजवीकडून, चिंचेच्या टोकांच्या बाजूनं.

"ओ," अगदी समोरून, इतक्या जवळून की मी दोन पावलं मागे सरले.

एकही आवाज ह्यांचा नव्हता. परका होता असंही म्हणता येत नाही. खूप दिवस न बोललेल्या माणसाचा आवाज असतो ना, खरखरीत, आपल्यालाच बोलावलंय का याची खात्री नसलेला, तसा होता. मी पुन्हा हाक मारायला तोंड उघडलं, आणि पाठीमागून मावशींचा हात माझ्या तोंडावर आला. हाताला शेणाचा वास होता. त्या वासानं मी भानावर आले.

"गप. आता अहो न्हाई. नाव घ्या."

मला नाव आठवत होतं, अर्थातच आठवत होतं. रेशनकार्डावर, पेन्शनच्या अर्जावर, मुलाच्या दाखल्यावर मी ते हजार वेळा लिहिलं आहे. पण ते घशातून वर येईना. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. धुक्यात कुठंतरी लाकडावर लाकूड घासल्याचा आवाज झाला. ह्यांच्या होडीखाली भिंती आहेत, ह्यांना दिशा कळत नाही, आणि मी लाजते आहे! मला माझाच भयंकर राग आला.

"श्रीधर!" मी ओरडले. "श्रीधर महादेव!"

सगळं गप्प झालं. पाणी काठाला चाटत होतं तेही थांबल्यासारखं वाटलं.

"आजून," मावशी म्हणाल्या.

"श्रीधर महादेव!"

काहीच नाही. मावशींनी माझा दंड घट्ट धरला. "तिसरी."

तिसऱ्या हाकेला माझा आवाज फाटला. रडतच ओरडले मी. आणि धुक्यातून, बऱ्याच लांबून, फक्त एका बाजूनं उत्तर आलं, "ओ! कोण? कोण हाक मारतंय?"

"मी! मी मारतेय! इकडे या!" एवढं म्हणून मी परत नाव घ्यायला लागले. घेतच राहिले. पंधरा-वीस मिनिटांनी आधी वल्ह्याचा आवाज आला, मग टिटवीचं नाक.

हे खाली उतरले. जाकीट अंगात नव्हतं, होडीत पडलं होतं. चुलीपुढे बसवून, कांबळं पांघरून, आल्याचा काढा पाजल्यावर हे बोलले.

"मी पोचलो होतो," हे म्हणाले. "तुझी हाक ऐकू येत होती, अहो, अहो. सगळीकडून येत होती, म्हणून मी नुसता वल्हवत होतो. मग होडी कशालातरी टेकली. पुढे पायऱ्या होत्या. दगडी, स्वच्छ. तू वरच्या पायरीवर उभी होतीस असं वाटलं, पदर दिसत होता. तू म्हणालीस, अहो, या. मी जाकीट काढलं आणि एक पाय बाहेर टाकला."

"मग?"

"मग कुणीतरी नाव घेतलं. आई गेल्यापासून मला असं पूर्ण नावानं कुणी बोलावलं नव्हतं. ते कुठून आलं ते मला कळलं. ह्या एका कानानंसुद्धा कळलं. वळून पाहिलं तर पायऱ्याबियऱ्या काही नव्हत्या. माझा पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात होता."

मावशी चुलीत लाकूड सरकवत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "पायऱ्या किती व्हत्या?"

"सात दिसल्या."

"देवळाच्या सातच," त्या म्हणाल्या, आणि भाकरी थापायला बसल्या.

गुरुवार

निघायची घाई माझीच होती. ह्यांनी स्वतःहून मुलाला फोनवर सांगितलं की आता एकट्यानं जाणार नाही, होडी विकायची तर वीक. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! आदल्या सकाळी टिटवी कशी वळवली होती ते माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. मीच फोन हिसकून घेतला आणि म्हटलं, विकायची नाही, मी बसेन बरोबर.

टिटवी ट्रेलरवर चढवायला शेजारच्या खाचरातले दोन गडी बोलावले. सोमवारी आम्ही दोघांनी ती सहज उतरवली होती. आता चौघांना जड जात होती. पाणी शिरलं असेल म्हणून ह्यांनी तळाचं बूच काढलं. थेंबसुद्धा आला नाही. मावशींनी होडीकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कागदात बांधलेले इंद्रायणी तांदूळ माझ्या हातात दिले. खिंड चढताना मी मागे वळून पाहिलं नाही.

घरी

हे सगळं दोन महिन्यांपूर्वीचं. आता आम्ही दोघं रोज बरोबर जातो. मी पुढे बसते आणि ह्यांचा डावा कान होते. धक्क्यावरच्या मंडळींनी खूप थट्टा केली. कारण एकच: मी आता ह्यांना मोठ्यानं, चारचौघांत नावानं हाक मारते. पहिल्या दिवशी शेजारच्या वहिनींच्या हातून चहाची किटली पडायची राहिली.

एक गोष्ट मात्र त्यांना सांगितलेली नाही. खाऱ्या पाण्यात आल्यावर टिटवी वर यायला हवी होती. ती आली नाही. धक्क्याला बांधलेली, रिकामी असली तरी बोटभर खालीच बसते, कुणीतरी आत बसून असल्यासारखी. ह्यांनी तळ खरवडला, रंग दिला, सगळं करून पाहिलं.

परवा संध्याकाळी मी भात लावला होता. हे बाजूच्या खोलीत पेपर वाचत होते, पानं उलटल्याचा आवाज येत होता. खिडकीतून शेजारच्या वहिनींनी त्यांच्या यजमानांना हाक मारलेली ऐकू आली, "अहो!"

आणि आमच्या रिकाम्या टिटवीतून, खरखरीत आवाजात, कुणीतरी घाईनं म्हणालं, "आलो."

मी मावशींना फोन लावला. म्हटलं, "मावशी, जे खाली राहिले त्यांची नावं सांगा. मी एकेकाला हाक मारते. तुमच्याकडे परत आणून सोडते."

पलीकडे म्हैस हंबरल्याचं ऐकू आलं. मग मावशी म्हणाल्या, "नावं ठावं असती, ताई, तर तवाच न्हाई का आनलं असतं आमी त्यांना वर?"

मी फोन ठेवला. भात झाला होता. मी श्रीधरला नावानं हाक मारली, आणि दोन ताटं घेतली. मग तिसरं वाढून धक्क्यावर नेऊन ठेवलं.